पंचावन्न कोरे चौकोन

तिने दोन्ही हातांची बोटं कानशिलांवर ठेवली आणि डॉक्टरांनी सांगितलं तसं हळूहळू दाबलं. फोन समोर टेबलावर उभा होता, प्लास्टरच्या दोन जबड्यांना टेकून. पडद्यावरच्या डॉक्टर पुढे झुकून तिच्या बोटांकडे बघत होत्या.

"नाडी लागते?"

"लागते."

"दाबल्यावर दुखतं?"

"नाही. आहे तेवढंच."

"आता मागे, मानेच्या वर, केस सुरू होतात तिथे. माझी बोटं तिथवर पोचत नाहीत, तेव्हा तुमचीच उसनी घेते."

तिने मान खाली घालून मागचा भाग चाचपला. तिथे मात्र एका जागी कळ आली आणि तिचे डोळे आपोआप मिटले. डॉक्टरांनी काहीतरी लिहून घेतलं. त्या दुसऱ्या शहरात बसलेल्या असत, गाडीने पूर्ण एक दिवस लागावा एवढ्या लांब, आणि फक्त डोकेदुखीचेच रोगी बघत. घराजवळच्या डॉक्टरांनी सगळे फोटो, सगळ्या तपासण्या करून घेतल्या होत्या. कशातच काही निघालं नाही, तेव्हा त्यांनी या बाईंचा पत्ता दिला. त्याला आता दहा महिने झाले होते. दर तिसऱ्या मंगळवारी दुपारी साडेबाराला ती या जबड्यांसमोर बसायची.

दहा महिन्यांत तिने डॉक्टरांना खांद्याखाली कधी बघितलं नव्हतं. त्या उंच आहेत की बुटक्या, हेही तिला ठाऊक नव्हतं. दात मात्र पाठ होते. वरच्या पुढच्या चार दातांतल्या डावीकडच्या एकावर कॅप बसवलेली होती आणि तिची छटा शेजारच्या दाताशी जुळत नव्हती; अगदी थोडी, कुणाच्या लक्षात येणार नाही एवढी. तिच्या येत होती, कारण दिवसभर ती तेच काम करायची. गावातले दंतवैद्य या लॅबमध्ये लोकांच्या तोंडाचे साचे पाठवत आणि इथे त्यांच्या कवळ्या आणि कॅप्स तयार होत. ज्याच्या त्याच्या दाताचा रंग जुळवणं ही तिची खासियत होती. दर खेपेला तिच्या जिभेवर यायचं की डॉक्टर, तेवढी ती कॅप माझ्याकडे पाठवा. पण रोग्याने डॉक्टरांना दुरुस्त करू नये एवढं भान तिला होतं.

मागची ही खोली मालकांनी दिली होती, मंगळवारी अर्धा तास. इथे खिडकी नव्हती; भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर नंबर घातलेल्या डब्यांत शेकडो जबडे. पुढच्या खोलीतला अॅक्रिलिकच्या द्रवाचा वास इथे जरा कमी यायचा. "आम्ही सगळे इथे दुसऱ्याचे दात घेऊन बसतो, तू खुशाल स्वतःचं डोकं घेऊन बस," असं मालक म्हणाले होते, आणि तेव्हापासून मंगळवारी कुणी तिला शोधत आलं की तेच सांगायचे, बाई डोकं घेऊन बसल्यात.

आजचा मंगळवार वेगळा होता. मागच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं होतं की तुम्हाला दुखत असताना जवळून बघितलेलं कुणी आहे का. स्वतःचं दुखणं माणूस नीट सांगू शकत नाही, शेजारी असतो त्याला जास्त दिसतं, असं त्यांचं म्हणणं. तिने नवऱ्याचं नाव सांगितलं. तो मालवाहू जहाजावर चीफ इंजिनिअर होता. जहाजावर सगळे त्याला चीफ म्हणत आणि घरी तीही म्हणायची, विशेषतः तो घरातला एखादा नळ उघडून दोन दिवस तसाच ठेवायचा तेव्हा. गेले चार दिवस त्याचं जहाज एका बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं, धक्क्याला जागा मिळायची वाट बघत. किनारा जवळ होता म्हणून फोन लागत होता. आज तोही येणार होता, याच पडद्यावर, तिसऱ्या चौकटीत.

त्यासाठी तिने सकाळपासून काय काय केलं होतं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. लॅबचा पांढरा कोट तिने काढून ठेवला. दाताचा रंग बघायचा दिवा आत आणून तो आधी उजव्या बाजूला लावला, मग डाव्या, कारण उजवीकडून डोळ्यांखालचं काळं दिसत होतं. आणि न्याहारीनंतर एक गोळी घेतली, जी डॉक्टरांनी आजच्या दिवशी घेऊ नका म्हणून बजावलं होतं.

खरी गोष्ट त्या कागदांत होती. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी एक तक्ता पाठवला होता. महिन्याला एक पान, दिवसाला एक चौकोन. थोडं दुखलं तर अर्धा भरायचा, खूप दुखलं तर पूर्ण. दुखलं नाही तर कोरा. चौकोनाखाली बारीक आकड्यात किती गोळ्या घेतल्या ते. तिने दहा पानं भरली होती, पेन्सिलीने, रेषेबाहेर न जाता, कारण रेषेबाहेर जाणं तिच्या हाताला जमायचंच नाही. आज सकाळी तिने त्या सगळ्यांचे फोटो पुन्हा एकत्र पाठवून दिले होते.

दहा पानांमध्ये सलग पंचावन्न चौकोन कोरे होते. नवरा सुट्टीवर घरी होता ते पंचावन्न दिवस.

सुरुवातीला त्यात काही डाव नव्हता. चार महिन्यांनी माणूस घरी आलाय आणि आपण त्याच्यासमोर डोकेदुखीचा तक्ता उघडून बसायचं, हे तिला पटेना, म्हणून तिने कागद कपाटात टाकला. तो गेल्यावर काढला तेव्हा ते दिवस भरायचे राहिले होते, आणि ते तिने तसेच राहू दिले. पण आता त्या कोऱ्या जागेकडे बघताना तिला एक गोष्ट सुचली होती. तो चार महिन्यांसाठी म्हणून गेला होता, त्याचे सात झाले होते. त्याच्या जागी येणारा माणूस, ज्याला ते लोक रिलीव्हर म्हणतात, तो कंपनीला मिळत नव्हता. एकदा मिळाला नाही, मग दुसऱ्यांदाही मिळाला नाही. आता या बंदरात उतरायचं की आणखी दोन महिने पुढे जायचं ते त्याने शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. परवा फोनवर तो म्हणाला होता की याही खेपेला अवघड दिसतंय. ती म्हणाली होती, बघ, तुझ्या सोयीने.

तुझ्या सोयीने. वीस वर्षांच्या संसारात ती हे इतक्या वेळा म्हणाली होती की आता दुसरं काही म्हणायला जीभ वळत नसे. तो नसला की घर कसं लागतं, दोन पोळ्यांसाठी कणीक भिजवताना काय वाटतं, संध्याकाळी कुलूप काढताना आत कुणी नाही हे माहीत असून ती दाराशी जरा का थांबते, यातलं काहीच तिने कधी सांगितलं नव्हतं. जहाजावर असलेल्या माणसाला हे सांगून काय करायचं? तो काय समुद्रात उडी मारणार होता? म्हणून फोनवर ती कायम छान असायची. डोकंही छान असायचं. औषध लागू पडतंय, आता महिन्यातून जेमतेम दोनदा, असं तिने त्याला सांगून ठेवलं होतं. आता जे तिला सांगता येत नव्हतं ते तक्ता सांगणार होता. तो असताना एकही काळा चौकोन नाही आणि नसताना महिन्याला पंधरा. आणि डॉक्टर ते मोठ्याने वाचणार होत्या.

पडद्यावर तिसरी चौकट उघडली.

तो केबिनमध्ये बसला होता. मागे गोल खिडकी आणि तिच्यात राखाडी उजेड. डॉक्टरांसमोर यायचं म्हणून त्याने दाढी केली होती आणि हनुवटीवर कापून घेतलं होतं. सात महिन्यांत कानांवरचे केस आणखी पांढरे झाले होते. ती डॉक्टरांकडे बघायचं सोडून त्या छोट्या चौकटीकडे बघत राहिली. त्याच्या तोंडातली उजवीकडची एक दाढ तिने स्वतः घडवलेली होती, पाच वर्षांपूर्वी, याच लॅबमध्ये, तीन वेळा मोडून पुन्हा करून. तो समुद्रावर गेला की तिला कधीकधी त्या दाढेचा हेवा वाटे. हा विचार वेडेपणाचा आहे हे तिला समजत होतं, पण तो यायचा.

"दिसतोय का मी?" त्याने विचारलं.

"दिसतोस," ती म्हणाली. "हनुवटीला काय केलंस?"

"घाई."

डॉक्टरांनी त्याची विचारपूस केली, जहाज कुठे आहे, आवाज नीट येतोय का, असं काहीबाही, आणि मग तक्ता पडद्यावर आणला. दहा पानं एकाखाली एक. इतक्या लांबूनही ती कोरी पट्टी स्पष्ट दिसत होती. डॉक्टरांनी पेनाचं टोक कागदावर फिरवावं तसा एक बाण पडद्यावर फिरवला आणि वाचत गेल्या. पहिल्या महिन्यात सहा दिवस. मग हे जवळजवळ दोन महिने, शून्य. त्यानंतर चौदा. सोळा. सतरा. पंधरा. सोळा. पंधरा. सतरा.

ती नवऱ्याकडे बघत होती. चौदा ऐकताना त्याने मान वर केली. सोळा म्हटल्यावर तो कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आला, जणू तिथून त्याला तक्ता नाही तर ती जास्त नीट दिसणार होती. तिने नजर खाली घातली. त्याला वाईट वाटतंय हे बघून तिला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाज वाटत होती.

"हे शून्य म्हणजे तुम्ही घरी होतात तो काळ," डॉक्टर त्याला म्हणाल्या. "मी तुमच्या मिसेसना गमतीने म्हणणार होते की औषध सापडलं, पण ते जहाजावर आहे."

हे वाक्य तिला हवं होतं तसंच, किंबहुना जास्त चांगलं आलं होतं. आता त्याने काहीतरी म्हणायचं होतं. ती थांबली. पुढच्या खोलीत कुणीतरी पॉलिशचं यंत्र लावलं, त्याची घरघर भिंतीतून येत राहिली.

त्याने मान हलवली.

"डॉक्टर, हा कागद बरोबर नाही."

"म्हणजे?"

"माझ्याकडची नोंद बरोब्बर उलटी आहे. आणि दोन मीटर एकाच वेळी दोन गोष्टी दाखवत असतील तर त्यातला एक बिघडलेला असतो."

त्याने टेबलाच्या खणातून एक छोटी वही काढली. तिने ती ओळखली. तो सुट्टीवर आला तरी ही वही खिशात असायची. इंजिनाचं तापमान, तेल, दाब लिहायची सवय त्याला घरीही सुटत नसे. ती चेष्टेने म्हणायची, लिहा चीफसाहेब, फ्रिजचं तापमान लिहा. तो हसून काहीतरी खरडायचा. तिला वाटायचं फ्रिजच असेल.

त्याने चष्मा लावला आणि वाचायला लागला. इंजिन रूममध्ये वाचतात तसं, एकसुरी, कुठेही जोर न देता.

"तीन तारीख. दुपारी. भाजी चिरताना डावा डोळा बारीक. विचारलं. कांदा म्हणाली. कांदा नव्हता, दुधी होता. सहा तारीख. सकाळी हसली, हसताना हात कपाळावर. अकरा. नाटकाला गेलो. मध्यंतरात पर्समधून गोळी, पाणी न घेता. सोळा. तिच्या बहिणीकडे जेवण. येताना गाडीत डोळे मिटून. झोप येते म्हणाली. मी बोलणं थांबवलं. सतरा. सकाळी ती न्हाणीघरात, नळ बराच वेळ सुरू. उलटीचा आवाज. बाहेर आल्यावर चहा टाकला आणि गाणं गुणगुणत होती."

"पुरे," ती म्हणाली.

तो थांबला. "पंचावन्नपैकी एकेचाळीस दिवस," तो डॉक्टरांना म्हणाला. "उरलेल्या चौदांची खात्री नाही."

तिचा चेहरा तापला होता. पकडलं गेल्याची शरम होती आणि शिवाय रागही होता, आणि राग आधी तोंडातून निघाला.

"तू माझ्या नोंदी ठेवत होतास?"

"तू सांगत नव्हतीस."

"मग विचारायचं."

"विचारलं ना. कांदा म्हणालीस."

डॉक्टर दोघांच्या मध्ये पडल्या नाहीत. त्यांनी तक्ता पडद्यावरून काढून टाकला, त्यामुळे तिघांचे चेहरे मोठे झाले. मग त्यांनी अगदी साध्या आवाजात तिला विचारलं की त्या पंचावन्न दिवसांत गोळ्या किती घेतल्या. इथे कुणी शिक्षा करायला बसलेलं नाही, त्या म्हणाल्या, मला फक्त आकडा हवाय.

तिने समोरच्या जबड्यांकडे बघितलं. ते कुण्या म्हाताऱ्याचे होते, खालचे सहाच दात उरलेले. खोटं बोलायला अजूनही जागा होती. दहा म्हटलं असतं तरी डॉक्टरांना ते खोटं ठरवता आलं नसतं. पण ती खोली त्या वेळी इतकी थकलेली वाटली, आणि तीही, की आणखी एक दिवस हे सगळं सावरून धरायची ताकद तिच्यात नव्हती.

"रोज," ती म्हणाली. "सकाळी हा उठायच्या आधी एक. दुखो न दुखो. संध्याकाळी कुठे जायचं असेल तर आणखी एक. कधी तीन."

"कशासाठी?"

"दिवस वाया जाऊ नयेत म्हणून."

मग तिने उरलेलंही सांगून टाकलं. गोळ्या लॅबमधून आणलेल्या, मेणाच्या कांड्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवलेल्या असायच्या. औषधवाल्याला संशय नको म्हणून दोन दुकानं धरली होती, एक घराजवळचं, एक लॅबजवळचं. तो गेल्यावरही त्या सुटल्या नाहीत. न घेतली तर दुपारपर्यंत डोकं उठायचं, म्हणून घ्यायची. घेतली तरी उठायचंच. तक्त्यात चौकोन खरे होते पण खालचे आकडे कमी करून लिहिलेले होते.

"आजही घेतलीत?"

"सकाळी. एक."

"मी नको म्हणाले होते."

"हा दिसणार होता ना," ती म्हणाली.

पडद्यावरच्या त्याने चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. गेले सहा महिने मला हेच कळत नव्हतं, त्या म्हणाल्या. दोन महिने काहीच नाही आणि मग एकदम दुपटीहून जास्त, असं कशाने होईल? आता उलगडा झाला. मग त्यांनी समजावून सांगितलं. दुखणं थांबवायची गोळी महिन्यातले पंधरा-वीस दिवस घेत राहिलं की काही लोकांच्या बाबतीत तीच गोळी दुखणं आणायला लागते. डोक्याला तिची सवय होते, ती उतरली की डोकं पुन्हा उठतं, मग आणखी एक. तुमचं मूळ दुखणं महिन्याला सहा दिवसांचं होतं. बाकीचं या गोळ्यांनी केलंय. ते सगळं त्या पंचावन्न दिवसांत सुरू झालं आणि अजून सुरू आहे.

"म्हणजे माझ्यामुळे नव्हतं?" त्याने विचारलं.

प्रश्न इतक्या हलक्या आवाजात आला की डॉक्टरांना वाटलं लाइन खराब आहे. त्यांनी पुन्हा बोलायला सांगितलं.

"तिचं डोकं. माझ्यामुळे दुखत नव्हतं?"

"तुमच्यामुळे कशाला दुखेल?"

तो वहीची पानं अंगठ्याने सोडत होता, एकामागून एक, न बघता. मग तो बोलायला लागला, डॉक्टरांशीच, कारण तिच्याशी बोलण्यापेक्षा ते सोपं असावं. मी जहाजावर असलो की ती फोनवर बरी असते, तो म्हणाला. महिन्यातून दोनदा म्हणते, तेवढंच. आणि मी घरी आलो की एकेचाळीस दिवस. मी मोठ्याने बोलतो, जहाजावर राहून सवय झालीय. पहाटे उठून खुडबुड करतो. तिचा दिवस ठरलेला असतो, मी आलो की त्याचा विचका होतो. मी सगळं बदलून बघितलं. हळू बोललो. पहाटे उठलो तरी पडून राहिलो. तरी आकडा कमी होईना. मग मला वाटलं, आता बदलायचा राहिलाय तो मीच.

ती ताठ बसली होती. तिला एक गोष्ट कळायला लागली होती आणि ती पूर्ण कळू नये असं वाटत होतं.

"रिलीव्हर," ती म्हणाली.

त्याने मान वर केली.

"रिलीव्हर मिळत नव्हता ना?"

"मिळत होता," तो म्हणाला. "दोन्ही वेळा. मीच म्हणालो, मी थांबतो."

पुढच्या खोलीतलं यंत्र बंद झालं होतं. तिने हात उचलून कपाळावर ठेवला, डोळ्यांवर ओढला आणि तसाच राहू दिला. तीन महिने. तिने रोज त्या कंपनीला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, त्या न मिळणाऱ्या माणसाला, त्याच्या बायकोलाही, जी नवऱ्याला घरून सोडत नसेल. आणि हा तिकडे एकटा, गोल खिडकीपाशी बसून, तिला बरं वाटावं म्हणून घरी येत नव्हता. तिला त्याचा भयंकर राग आला. त्याच वेळी असं वाटलं की आत्ताच्या आत्ता त्या पडद्यात हात घालून त्याची हनुवटी धरावी, जिथे कापलंय तिथे. दोन्ही वाटणं एकदमच होतं आणि त्याचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं.

"मूर्ख आहेस," ती हाताआडून म्हणाली.

"हो."

"मीही."

"ते मी लिहिलेलं नाही," तो म्हणाला, आणि ती रडता रडता थोडी हसली, आणि हसताना डोकं ठणकलं.

डॉक्टरांनी दोघांना वेळ दिला. त्या खाली बघून बराच वेळ काहीतरी लिहीत होत्या, एवढं लिहिण्यासारखं काही नसताना. मग पुढे काय करायचं ते सांगितलं. गोळ्या पूर्ण बंद. एकदम. त्याऐवजी रोज झोपताना एक वेगळं औषध, जे हळूहळू काम करेल. पण गोळ्या बंद केल्यावरचे दहा-पंधरा दिवस वाईट जातात. आता दुखतं त्याहून खूप जास्त दुखेल. उलट्या होतील, झोप लागणार नाही, चिडचिड होईल, उजेड सहन होणार नाही. त्या दिवसांत कामावर जायचं नाही आणि एकटं राहायचं नाही. एकट्याने बसलं की माणूस चौथ्या दिवशी पुन्हा गोळी घेतो, हे त्यांनी पुष्कळ बघितलं होतं. फार लांबवूही नका, त्या म्हणाल्या. मला तारीख सांगा, मी त्या दिवसापासून रोज पाच मिनिटं फोन लावीन.

बहिणीला बोलवता आलं असतं. मालकांना सांगितलं असतं तर त्यांनी पंधरा दिवसांची सुट्टी दिली असती, टोमणा मारून का होईना. ती हे हिशेब जुळवत होती आणि डोळे त्या छोट्या चौकटीवर होते.

"जहाज वीस तारखेला धक्क्याला लागेल," तो म्हणाला. "मी उतरू शकतो. कंपनीला आत्ता कळवतो."

तिने फोन जरा जवळ ओढला.

"तिथून घरी यायला मला दीड दिवस. बावीसला सकाळी पोचेन." तो थांबला. नंतरचं त्याने तिच्याकडे बघून विचारलं, पहिल्यांदाच सरळ तिला. "त्या दिवसांत तुला मी घरात चालेन का?"

आता या सुट्टीसाठी तिने किती काय ठरवून ठेवलं होतं. बाहेरच्या खोलीला नवा रंग, दोघांनी मिळून. बहिणीच्या गावाला चार दिवस. काहीच न करता गच्चीत बसून राहायच्या संध्याकाळी, ज्या तिने सात महिने एक एक करून मनात रचल्या होत्या, छान साडी, छान चेहरा, त्याच्या चेष्टेला हसणं. त्यातलं काहीही होणार नव्हतं. ती पडदे ओढून पडलेली असणार, केस न विंचरलेले, उशाशी पातेलं, आणि तो दाराशी उभा राहून हे सगळं बघणार. वीस वर्षांत तिने त्याला हे एकदाही बघू दिलं नव्हतं.

"तू असलास तरी दुखेल," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मी बोलणार नाही. ओरडेन तुझ्यावर."

"ओरड."

"चांगले पंधरा दिवस जातील तुझे."

त्याच्या मागच्या खिडकीत उजेड किंचित सरकला, जहाज नांगरावर वळत असावं. तिने रंग बघायचा दिवा बंद केला. तिच्या डोळ्यांना तो आता सोसवत नव्हता, आणि डोळ्यांखालचं काळं दिसलं तर दिसू दे असं तिला वाटलं.

"नसलास तरी दुखतंच," ती म्हणाली.

डॉक्टरांनी खाली घातलेली मान वर केली नाही. पेन तेवढं हातात घेतलं.

"बावीस तारीख लिहा, डॉक्टर," ती त्यांना म्हणाली.